बोक्याची लघवी पुन्हा पुन्हा तुंबते: कुठे चुकतं आणि काय करायचं

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून बोक्याची लघवी मोकळी केली, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, गोळ्या संपल्या, आणि पंधरवडा उलटायच्या आत तो परत लिटर बॉक्समध्ये बसून कुंथायला लागला. मग अँटिबायोटिक बदलतं, मग डॉक्टर बदलतो, मग कुणीतरी मूतखड्याची सिरप सुचवतं. बोका परत तुंबतोच. कारण उपचार चालू असतात खड्यावर आणि जंतूंवर, आणि तरुण बोक्यांपैकी बहुतेकांना यातलं काहीच झालेलं नसतं. त्यांना झालेला असतो मूत्राशयाचा दाह, ज्याचं एक नेमकं कारण तपासणीत सापडत नाही. तो घट्ट लघवीमुळे आणि ताणामुळे उफाळतो. कॅथेटर त्या दिवसापुरता जीव वाचवतो. पुढचा अटॅक थांबतो तो पाण्याने, लिटर बॉक्सने आणि घरातल्या शांततेने.

मादीलाही हा आजार होतो, पण तिची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, त्यामुळे ती सहसा तुंबत नाही. बोक्याची नलिका लिंगाच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर उरते. दाह झाला की मूत्राशयाच्या अस्तरातून चिकट प्रथिनं सुटतात, त्यात लघवीतले स्ट्रुवाइट या खनिजाचे कण अडकतात, आणि वाळूसारखी खरखरीत बुच त्या टोकाशी बसते. कधी बुचही नसते. नुसती सूज आणि स्नायूंचं आवळणं एवढ्यानेही वाट बंद होते.

आधी हे ठरवा: तुंबलाय की नुसती जळजळ आहे

दोन्हींत बोका एकसारखाच वागतो. दर पाच-दहा मिनिटांनी बॉक्समध्ये जातो, खूप वेळ बसतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, बाथरूमच्या फरशीवर किंवा सिंकमध्ये बसायचा प्रयत्न करतो. फरक एवढाच, की जळजळीत थेंब-थेंब का होईना, लघवी पडते, बऱ्याचदा गुलाबीसर. तुंबलेल्याची काहीच पडत नाही.

हे बघायला लिटर काढून टाका. कोऱ्या ट्रेमध्ये पांढरे टिश्यू पेपर पसरा आणि बोक्याला त्या ट्रेसकट एका खोलीत ठेवा. लिटरमध्ये न दिसणारा छोटासा ओला डागही टिश्यूवर दिसतो. त्याच वेळी पोट चाचपा. बोका उभा असताना मागून हात घालून, मागच्या पायांच्या पुढे, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून अगदी हलक्या हाताने बघा. भरलेलं, तुंबलेलं मूत्राशय लिंबापासून मोसंब्यापर्यंतच्या आकाराचं, टणक आणि गोल लागतं, आणि हात लागताच बोका कळवळतो. नुसती जळजळ असेल तर मूत्राशय जवळपास रिकामं असतं, हाताला लागतही नाही. दाबायचं मात्र नाही. ताणलेलं मूत्राशय दाबून लघवी काढायला गेलात तर ते आत फुटू शकतं.

चाचपून नक्की कळलं नाही, आणि टिश्यू दोन-तीन तास कोरा राहिला, तर तुंबलाय असंच धरा आणि निघा. उलटी झाली असेल, बोका मलूल होऊन कोपऱ्यात पडला असेल किंवा अंग थंड लागत असेल, तर तेवढंही थांबायचं नाही. पूर्ण अडथळा झाला की साधारण दिवसभरात रक्तात विषारी द्रव्यं आणि पोटॅशियम साठायला लागतं. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. दोन-तीन दिवसांत बोका जातो. तो ओरडायचा थांबला आणि शांत पडून राहिला म्हणजे बरं वाटतंय असा समज होतो. तुंबलेल्या बोक्याचं शांत पडणं हे सगळ्यात वाईट लक्षण.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो 'बद्धकोष्ठ झालंय' या समजुतीने. कुंथणं दोन्हींत सारखंच दिसतं. बोका कुंथतोय आणि शेवटची लघवी कधी झाली ते घरात कुणालाच सांगता येत नाहीये, अशा वेळी शी नव्हे, लघवी तपासायची.

घरी काय द्यायचं नाही

हा भाग घाईत वाचू नका, कारण यातलं बरंचसं आपल्या घरांत सहज हाताशी असतं.

क्रोसिन, डोलो, म्हणजे पॅरासिटामॉल कुठल्याही मात्रेत नाही. मांजराच्या यकृताला त्याचं विष उतरवता येत नाही. एका गोळीने, कधी तिच्या तुकड्यानेही मांजर मरतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडं बंद पाडतात. लघवी सुटावी म्हणून लॅसिक्स देऊ नका. वाट बंद असताना लघवी जास्त तयार झाली तर दाब फक्त वाढतो. फार्मसीत मिळणारी माणसांची एनिमाची बाटली तर हातातही घेऊ नका, त्यातलं फॉस्फेट मांजराला जीवघेणं असतं.

नारळपाणी माणसाच्या मूतखड्यावर देतात म्हणून बोक्याला पाजलं जातं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात तेच आधी वाढलेलं असतं. कुळथाचं पाणी, गोखरूचा काढा, पुनर्नव्याच्या गोळ्या यांनी नलिकेतली बुच हलत नाही. त्यात जाणारे तास हेच खरं नुकसान. सायट्रेटची गुलाबी सिरप लघवी अल्कली करते, आणि स्ट्रुवाइट अल्कली लघवीतच बनतं, आम्लधर्मी लघवीत विरघळतं. म्हणजे ज्याच्या बुचेत स्ट्रुवाइट आहे त्याला ती सिरप उलटी पडते.

दवाखान्यात काय व्हायला हवं

फोनवरच तीन प्रश्न विचारा. पोटॅशियम आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडं किती काम करतायत ते दाखवणारा रक्तातला आकडा) लगेच मोजता येतं का? बोक्याचा कॅथेटर आहे का? रात्री तिथे कुणी असतं का? मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय, महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय असे पर्याय आहेत. तालुक्याच्या गावी मात्र पशुवैद्यकाचा बराच वेळ गाई-म्हशींत जातो आणि बोक्याचा कॅथेटर कपाटात असेलच असं नाही. ज्या घरी बोका एकदा तुंबलाय त्यांनी ३.५ फ्रेंच मापाचे दोन निर्जंतुक कॅथेटर मागवून घरी ठेवावेत. घालायचा तो डॉक्टरनेच, पण रात्री साडेदहाला तो शोधत फिरावं लागत नाही.

पोटॅशियम फार वाढलेलं असेल तर आधी हृदय सांभाळायचं, मग नलिका. शिरेतून सलाईन, ईसीजी बघत सावकाश कॅल्शियम ग्लुकोनेट, गरज पडल्यास ग्लुकोजसोबत इन्सुलिन. तुंबलेल्याला सलाईन कसं, ही शंका बरेच जण घेतात. सलाईनने पोटॅशियम उतरतं आणि मूत्रपिंडं तग धरतात, त्यामुळे ते लावायलाच हवं. भूल न देता, चार जणांनी धरून कॅथेटर घालणं चुकीचं आहे. स्नायू आवळलेले असताना नळी रेटली की नलिकेला आतून इजा होते, आणि त्या व्रणातून नलिका पुढे आयुष्यभरासाठी अरुंद होते. भूल देऊन, लिंग मागे सरळ रेषेत ओढून, सलाईनच्या दाबाने बुच मागे ढकलतात. वाट मोकळी करायला कडक नळी चालते; आत ठेवायची ती मऊ हवी.

मऊ नळी साधारण २४ ते ४८ तास राहते, कधी ७२. लघवी स्वच्छ दिसेपर्यंत आणि क्रिएटिनीन उतरेपर्यंत ती काढायची घाई नको. अडथळा सुटल्यावर पहिल्या दिवसात मूत्रपिंडं भरमसाट लघवी सोडतात. निरोगी बोका तासाला किलोमागे १ ते २ मिली लघवी करतो, म्हणजे ४ किलोचा बोका ४ ते ८ मिली. मोकळा झालेला त्याच्या कितीतरी पट करू शकतो. तेवढं सलाईन परत गेलं नाही तर तो कोरडा पडतो, म्हणूनच पिशवीतली लघवी मिलीमध्ये मोजायची असते.

रात्री दवाखाना बंद होतो म्हणून कॅथेटरसकट बोका घरी पाठवला, असं आपल्याकडे नेहमी होतं. मग चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लॅस्टिकचा कोन क्षणभरही काढू नका. नळी उघडी ठेवून पॅडवर गळू द्यायची नाही, त्या वाटेने जंतू वर चढतात. निर्जंतुक पिशवीला जोडूनच द्या असा आग्रह धरा. पिशवी कायम बोक्याच्या अंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. दर चार तासांनी मिली लिहा. चार तासांत काहीच आलं नाही तर नळी दुमडली आहे का ते आधी बघा, आणि दुमडलेली नसेल तर त्याच वेळी फोन करा. नळी काढल्यावर, बोका स्वतःहून एकदा नीट लघवी करेपर्यंत त्याला घरी आणू नये. पुन्हा तुंबण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या आठवड्यात.

परत तुंबला: कधी तुंबला ते बघा

पहिल्या आठ दिवसांत तुंबला तर कारण बहुधा मागच्याच अटॅकचं असतं. नळी लवकर काढली, मूत्राशयात गाळ राहिला, नलिकेला सूज आहे, किंवा एखादा खडा राहून गेलाय. खडा राहिलाय का हे बघायला एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही लागतात. नुसती सोनोग्राफी केली तर ओटीपोटाच्या हाडांमागे लपलेला नलिकेतला खडा सुटतो, आणि एक्स-रे काढताना शेपटीखालचा भाग कापला गेला तरी तसंच होतं. फिल्म हातात आली की मूत्राशयापासून पार शेपटीखालच्या टोकापर्यंत सगळं त्यात आलंय ना, हे स्वतः बघून घ्या. नसेल तर दुसरी काढायला सांगा. खडा स्ट्रुवाइटचा असेल तर त्यासाठीच्या आहाराने बहुधा दोन ते पाच आठवड्यांत विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा कुठल्याही आहाराने, कुठल्याही औषधाने विरघळत नाही. तो काढावाच लागतो.

महिना-दोन महिन्यांनी तुंबला तर आहार आठवा. अटॅकनंतर पंधरा दिवस ओल्या खाण्याचे पाऊच दिले, मग खर्चामुळे हळूहळू ड्राय फूड परत आलं, असंच बहुतेक घरी दिसतं. दर वेळी एखाद्या प्रसंगानंतरच तुंबत असेल, जसं दिवाळी, पाहुणे, रंगकाम, नवीन मांजर, तर ताण हे कारण समोरच आहे.

आणि बोका दहा वर्षांपुढचा असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करा. म्हातारपणी जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, क्वचित गाठ, हे सगळं शक्य असतं. तरुण बोक्यात जंतू क्वचितच सापडतात, म्हणून कल्चरशिवाय दर वेळी अँटिबायोटिक देण्याला अर्थ नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन दिलं जात असेल तर दिवसाचा डोस विचारा. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मांजराच्या दृष्टिपटलाला इजा होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं.

रिपोर्टवर 'क्रिस्टल्स' लिहून आलं की सगळे घाबरतात. कितीतरी निरोगी मांजरांच्या लघवीत ते असतात. शिवाय नमुना फ्रिजमध्ये ठेवला किंवा दोन-चार तासांनी तपासला तर बाटलीत नव्याने तयार होतात. नमुना तासाभरात, खोलीच्या तापमानाला तपासलेला असेल तरच त्या ओळीवर विश्वास ठेवा. रिपोर्टमधला जास्त कामाचा आकडा म्हणजे लघवीची घनता. ती १.०३५ च्या खाली, जमल्यास १.०३० च्या आसपास आणायची. ड्राय फूडवरच्या बोक्याची सर्रास १.०५० च्या वर असते.

जळजळीचा अटॅक तुंबला नाही तर साधारण आठवडाभरात आपोआप ओसरतो. म्हणूनच त्या आठवड्यात जे काही दिलं त्याचाच गुण आला असं वाटतं, मग ते होमिओपॅथीचे थेंब असोत की तिसरं अँटिबायोटिक. गुण आला की नाही हे पुढचा अटॅक किती लांबला यावरून ठरवा. त्या आठवड्यात बोक्याला खरंच लागतं ते वेदनाशामक, आणि ते डॉक्टरकडून मागून घ्या. वेदनेनेच स्नायू आवळतात आणि त्यातूनच तुंबतो. नलिकेचे स्नायू सैल व्हावेत म्हणून प्राझोसिन अजून बऱ्याच ठिकाणी लिहून दिलं जातं, पण त्याने पुन्हा तुंबणं कमी होतं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि त्याने रक्तदाब उतरतो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूही करू नका, बंदही करू नका.

पाणी: हिशोब करून बघा

मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. साडेचार किलोच्या बोक्याला सव्वादोनशे मिली. तो दिवसाला ६० ग्रॅम ड्राय फूड खात असेल तर त्यातून त्याला पाच-सहा मिली मिळतं. उरलेलं सगळं त्याने वाटीतून प्यायला हवं, आणि ते तो पीत नाही. मांजराचे पूर्वज वाळवंटाच्या कडेचे. तहान लागण्याआधी लघवी घट्ट करायची हीच त्याच्या शरीराची सवय. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये ६५ ते ७० मिली पाणी असतं. तीन पाऊच झाले की दोनशे मिली पोटात गेलं, आणि कॅलरी साधारण त्या ६० ग्रॅम ड्राय फूडएवढ्याच. प्रत्येक पाऊचमध्ये दोन टेबलस्पून कोमट पाणी कालवलं की हिशोब पूर्ण.

फक्त पाऊच परवडत नसतील तर अर्धा हिशोबही चालतो: सकाळ-संध्याकाळ पाऊच, मधलं एक जेवण भिजवलेलं ड्राय फूड. जेवढं फूड तेवढंच कोमट पाणी, दहा मिनिटं भिजवून. आपल्या दमट हवेत ते दीड-दोन तासांत आंबतं, उरलं तर टाकून द्या. चिकनचं पाणी काढायचं तर मीठ, कांदा, लसूण, मसाला यातलं काहीही न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. ते पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक क्यूब जेवणात टाकता येतो. नुसतं उकडलेलं चिकन मात्र पूर्ण आहार नाही, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं आणि मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्यही कमी पडतं. किनारपट्टीला बोक्याला सुका बोंबील, सुकट घालायची पद्धत आहे. ज्याला एकदा हा त्रास झालाय त्याला ती बंद करा. त्यात पाणी जवळपास नसतं आणि काट्यांसकट खनिजं भरपूर जातात. ओली मासळी, काटे काढून, कधीतरी चालेल.

रॉयल कॅनिनचं युरिनरी एस-ओ, हिल्सचं सी-डी, फार्मिनाचं स्ट्रुवाइट असे या त्रासासाठीचे आहार भारतात मिळतात. द्यायचे तर डॉक्टरांना विचारून, आणि फक्त तेच. दिवसातून चार वेळा दुसरं ट्रीट तोंडात टाकलं की त्या आहाराचा उपयोग संपतो. जमेल तर त्यातलाही ओला प्रकार घ्या. बदल सात ते दहा दिवसांत, थोडं थोडं मिसळत करा. हट्टाने बोका उपाशी ठेवला आणि तो दोन दिवस जेवला नाही, तर यकृतात चरबी साचून वेगळंच संकट उभं राहतं, विशेषतः जाड बोक्यात. जाड बोक्याला हा त्रास होतोही जास्त. 'नसबंदी केली म्हणून तुंबला' असं म्हणतात. नसबंदीने नलिका अरुंद होत नाही. नसबंदीनंतर भूक वाढते, हालचाल घटते आणि वजन चढतं, ते आवरायचं.

पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठेवा, रुंद तोंडाच्या, मिशा काठाला न लागणाऱ्या, जेवणाच्या ताटलीपासून आणि लिटरपासून लांब.

लिटर बॉक्स आणि लघवीच्या गोळ्यांचा हिशोब

मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. पेट शॉपमधले झाकणवाले बॉक्स बहुतेक मोठ्या बोक्यांना लहान पडतात. बोक्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट जागा हवी. भांड्यांच्या दुकानातला मोठा प्लॅस्टिकचा टब, एका बाजूने काठ कापून, उत्तम काम करतो. बिनवासाचं गोळे धरणारं बेंटोनाइट, दोन-तीन इंच थर.

गोळे धरणारंच लिटर का, तर मोजता येतं म्हणून. सकाळ-संध्याकाळ उपसताना गोळे मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. बहुतेक बोके दिवसाला दोन ते चार मोठे गोळे करतात. आपल्या बोक्याचा नेहमीचा आकडा आठवडाभरात कळतो. एके दिवशी त्याच लिटरमध्ये सुपारीएवढे सात-आठ गोळे निघाले तर अटॅक सुरू झालाय, अजून तुंबलेला नाही. डॉक्टरांना फोन करायची हीच वेळ. या टप्प्यावर वेदनाशामक आणि पाणी मिळालं तर बरेच बोके तुंबायचे वाचतात. रात्रीत शून्य गोळे असतील तर टिश्यू घालून बघा, तेही ताबडतोब. या आजारात घरच्यांच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं साधन हेच कॅलेंडर आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ताण

ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं. अशा मांजरांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणाच वेगळी चालते, आणि घरातलं वातावरण बदललं की अटॅक कमी होतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे शेल्फ, खिडकी आणि खेळ हाही औषधोपचारच.

बोक्याला उंचावर एक जागा द्या, कपाटावरची किंवा माळ्यावरची, जिथे घरातलं दुसरं मांजर आणि लहान मूल पोचत नाही. दोन मांजरं असतील तर जेवण एकमेकांना न दिसेल असं. सोसायटीतला भटका बोका खिडकीच्या कठड्यावर येऊन बसत असेल, तर काचेच्या खालच्या फूटभर भागाला दूधकाचेची फिल्म लावा. घरातल्या बोक्याचा दिवस त्या एका कारणाने ताणात जातो. दोरीच्या काठीने दिवसातून दोनदा दहा मिनिटं पळवा आणि शेवटी खायला द्या.

विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके तारखेसकट माहीत असतात, मग तयारीही आधी करा. आतली एक खोली, जाड पडदे, पंखा सुरू, त्याचं अंथरूण आणि एक लिटर बॉक्स दोन दिवस आधीपासून तिथे. भीती शांत करणाऱ्या गाबापेंटिन या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आवाज सुरू झाल्यावर दिलेलं उशिराचं ठरतं. त्या आठवड्यात आहार बदलू नका, लिटरही नाही.

दवाखान्यातून आल्यावर एक गोष्ट हमखास घडते: घरातलं दुसरं मांजर त्याच्या अंगचा औषधांचा वास घेतं आणि फिस्कारून अंगावर जातं. दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करा, मग भेटवा.

ऑपरेशन

नीट उपचार, ओला आहार, सगळं करूनही दोन-तीनदा तुंबला, किंवा नलिका व्रणाने अरुंद झाली, तर लिंगाचा अरुंद भाग काढून रुंद भागाचं तोंड शेपटीखाली बाहेर आणतात. अनुभवी हाताने केलं तर बहुतेक बोके पुढे न तुंबता छान जगतात. पण दाहाचा आजार त्याने जात नाही. जळजळ, रक्त, दर पाच मिनिटांनी बॉक्स, हे अटॅक येऊ शकतात, फक्त जीवावर बेतत नाही. नलिका आखूड झाल्याने पुढे जंतुसंसर्ग जास्त होतो, म्हणून अधूनमधून कल्चर करावं लागतं. टाके असेपर्यंत, दहा ते चौदा दिवस, कोन गळ्यात आणि लिटरच्या जागी वर्तमानपत्राच्या पट्ट्या. जखम चोळून पुसायची नाही. धार बारीक होत चालली असं वाटलं तर लगेच दाखवा, छिद्र आकसत असू शकतं.

जेव्हा पुढे जाता येत नाही

सगळं करूनही काही बोके जातात. पोटॅशियम फार वर गेलेलं असतं, मूत्रपिंडं परत सुरू होत नाहीत, किंवा फार ताणलेल्या मूत्राशयाची आकसायची ताकद परत येत नाही. कधी चौथ्यांदा तुंबलेल्या बोक्याचं ऑपरेशन घराच्या आवाक्यातच नसतं. अशा वेळी त्याला इंजेक्शनने, न तडफडता जाऊ देणं, म्हणजे दयामरण, हा निर्णय डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. औषध न देता घरी नेऊन 'बघू काय होतं ते' म्हणणं मात्र करू नका, तुंबून मरणं फार वेदनेचं असतं.

ठरवताना चार गोष्टी रोज लिहा: जेवला का, अंग चाटून स्वच्छ केलं का, त्याच्या नेहमीच्या जागी चढला का, हाक मारल्यावर आला का. सलग काही दिवस बहुतेक उत्तरं 'नाही' असतील, आणि डॉक्टरही पुढे आशा दाखवत नसतील, तर तो थकलाय.

आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, दहा-पंधरा मिनिटांत तो झोपतो, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखादा श्वास नंतरही सुटल्यासारखा दिसतो, लघवी होते. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. जवळ थांबता येतं का, घरी येता का, हे आधी विचारा. लहान मुलांना 'झोपवला' सांगू नका, ती स्वतः झोपायला घाबरतात. 'मेला' हा शब्द त्यांना पेलतो. घरात दुसरं मांजर असेल तर त्याला थोडा वेळ हुंगू द्या. ते नंतर काही दिवस दारं शोधत फिरू शकतं, कमी जेवतं. त्याच्याही लिटरमधल्या गोळ्यांचा आणि खाण्याचा हिशोब ठेवा, कारण त्याच्यासाठी हाही ताणच आहे, आणि तो बोका असेल तर अटॅक याच काळात येतो.

पुरायची जागा असेल तर खड्डा किमान तीन फूट, पाण्याच्या विहिरीपासून लांब. भुलीचं औषध शरीरात राहतं, त्यामुळे कुत्र्यांनी उकरलं तर त्यांच्या जीवावर बेतेल. वर दगड रचा. शहरात महापालिकेच्या प्राण्यांच्या दहनभट्टीची चौकशी वॉर्ड ऑफिसात करा. मुंबईत मालाडला अशी सोय आहे. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या मांजरासाठी जपून ठेवू नका. न उघडलेलं युरिनरी फूड ओळखीच्या दवाखान्याला द्या, त्यांच्याकडे ते लागणारा पुढचा बोका येतोच. सोसायटीतल्या पिल्लांना किंवा गाभण मांजरीला ते घालू नका, त्यांच्या वाढीसाठी ते बनवलेलं नसतं.